रविवारी चालतं, सोमवारी बंद: आबांच्या बीपी मशीनचं रीडिंग मोबाईलवर येईना, शेवटी कारण सापडलं

आधी प्रॉब्लेम सांगतो, तुमच्याकडं सेम असेल तर पुढं वाचा नाहीतर सोडा. आबांचं दंडाला बांधायचं बीपी मशीन आहे, ब्लूटूथवालं. रीडिंग घेतलं, मशीनवरचं निळं बटण दाबलं की ते आबांच्या मोबाईलमधल्या ॲपमध्ये जातं आणि तिथनं नेटवरून माझ्या आणि ताईच्या मोबाईलवर दिसतं. म्हणजे दिसायला पाहिजे. मी रविवारी गावाकडं गेलो की सगळं झकास चालायचं, आणि सांगलीला परत आलो की सोमवारपासून काही नाही. परत पुढच्या रविवारी चालू. असं पाच महिने चाललं होतं, मला तर वाटायला लागलं मशीन मलाच ओळखतंय.

घरची मांडणी अशी. आबा 74, आई 69, दोघंच गावाकडं, तासगाव तालुक्यात. मी सांगलीत विश्रामबागला, ताई पुण्यात. डॉक्टर मिरजेचे. पूर्वी डॉक्टरांना दाखवायचं म्हणजे आख्खा दिवस जायचा, त्यात बागेची छाटणी नाहीतर फवारणी चालू असली की आबा हलायचेच नाहीत, आणि ऑगस्ट 2019 च्या पुरात सांगली पाण्यात गेली तेव्हा तर मिरजेला जायचं नावच नको. मार्च 2020 मध्ये सरकारनं टेलिमेडिसिनचे नियम काढले, तेव्हापासून डॉक्टर रीतसर फोनवर, व्हिडिओवर बघून चिठ्ठी देऊ शकतात. आमचे डॉक्टर तीन-चार महिन्यांनी एकदा समोर बोलावतात आणि मधे व्हिडिओ कॉल. पण कॉलच्या आधी त्यांना सात दिवसांचा रिपोर्ट लागतो, सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन रीडिंग, पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी. तो रिपोर्ट ॲप आपोआप काढतं. आमचा निघायचा कोरा.

मग रोज सकाळी आठला माझा फोन.

"आबा, रीडिंग घेतलं का?"

"घेतलं की. एकशे अडतीस, चौऱ्याऐंशी."

"आता ते निळं बटण दाबा."

"दाबलं."

"मोबाईलवर आलं काय?"

"काय न्हाई आलं."

"परत दाबा, जरा धरून ठेवा."

"दाबलं रं बाबा, किती दाबू. मळ्यात जायचंय मला."

हा संवाद लक्षात ठेवा, सगळी गोम यातच होती आणि मला पाच महिने दिसली नाही.

दरम्यान मी जे जे केलं ते सांगतो, कारण यातल्या तीन-चार गोष्टी खरोखर बिघडलेल्याच होत्या, आणि तुमच्याकडं कदाचित तेवढंच असेल. पहिली म्हणजे लोकेशन. अँड्रॉइड 11 पर्यंतच्या फोनला ब्लूटूथवरून असलं मशीन शोधायला लोकेशन चालू लागतं, का ते विचारू नका, लागतं. आबांनी बॅटरी वाचवायला ते बंद केलेलं. अँड्रॉइड 12 पासून 'निअरबाय डिव्हायसेस' अशी वेगळी परवानगी असते, ती ॲपला दिलेली पाहिजे. आणि दिलेली असली तरी परत एकदा बघा, कारण एखादं ॲप काही महिने उघडलंच नाही तर फोन आपल्या मनानं त्याच्या परवानग्या काढून घेतो. ॲपच्या माहितीत खाली कुठंतरी 'वापरत नसल्यास परवानग्या काढा' अशा अर्थाचं एक बटण असतं, ते बंद करून टाका. म्हातारी माणसं ॲप उघडून बसत नाहीत हो, त्यांना मशीनवरचा आकडा दिसला की काम झालं.

दुसरं म्हणजे बॅटरी सेव्हर. काही कंपन्यांचे फोन मागं चालणारी ॲप मारून टाकतात, तिथं त्या ॲपला 'नो रिस्ट्रिक्शन' आणि ऑटोस्टार्ट दोन्ही द्यायचं. आणि मशीन फोनच्या ब्लूटूथच्या यादीत जाऊन जोडायचं नाही, ॲप उघडून ॲपमधनं जोडायचं. मी पहिल्याच दिवशी यादीतनं जोडलं होतं, 'पेअर्ड' दिसतंय मग चालत का नाही म्हणून डोकं धरून बसलोय.

तिसरं आमच्या भाच्याचं काम. मे महिन्याच्या सुट्टीत तो गावाकडं आला, आजोबांच्या मशीनचं ॲप स्वतःच्या फोनवर टाकलं, जोडलं, स्वतःचं बीपी मोजलं, मजा झाली, पुण्याला गेला. आमचं मशीन एका वेळी एकाच फोनशी नातं ठेवतं. नवा फोन जोडला की जुना गेला. आबांच्या फोनवर नुसतं गोल फिरत राहायचं. उपाय सोपा, आबांच्या ॲपमधनं मशीन काढून परत जोडणे. पण आधी हे सुचायला पाहिजे ना. सुट्टीत पोरं येऊन गेली आणि त्यानंतर बंद पडलं असेल तर सगळ्यात आधी हेच बघा.

चौथं, रिचार्ज. हे लय फसवं आहे. रीडिंग आबांच्या ॲपमध्ये दिसतंय पण माझ्याकडं येत नाही, असं झालं तर मशीनला शिव्या घालू नका, पॅक संपलाय का बघा. 28 दिवसांचा पॅक, आबांना फोन यायचा चालू राहिला म्हणजे सगळं चालू असंच वाटतं. आता मी माझ्याच फोनवरनं त्यांचा रिचार्ज करतो आणि कॅलेंडरमध्ये 26 व्या दिवसाची आठवण लावलीय.

एवढं सगळं नीट केलं. रविवारी चाललं. सोमवारी बंद.

मग एकदा डॉक्टरांचा कॉल होता, रिपोर्ट परत कोरा, मी वैतागून आबांच्या ॲपमधली यादी अंगठ्यानं खाली खाली सरकवत बसलो होतो काही न बघता, आणि एकदम तळाला 1 जानेवारी 2019 अशी तारीख दिसली. त्या एका दिवशी आबांनी एकोणचाळीस वेळा बीपी मोजलेलं. मशीन आम्ही घेतलं 2023 च्या दिवाळीत. आणि सगळ्या रीडिंगची वेळ काय, तर रात्री बारा वाजून चार मिनिटं, बारा वाजून सहा मिनिटं, परत बारा वाजून चार.

म्हणजे रीडिंग हरवत नव्हती. रविवारी मी जोडलं की आठवडाभराची सगळी फोनवर चढत होती, पण जुन्या तारखेनं तळाला जाऊन बसत होती, आणि सात दिवसांच्या रिपोर्टला ती दिसायचा प्रश्नच नव्हता. मशीनचं घड्याळ दरवेळी शून्यावर जात होतं. घड्याळ शून्यावर जातं म्हणजे करंट तुटतोय, एवढं मला कळलं, पण मी काढलेला अर्थ चुकला, आतलं काहीतरी खराब झालंय असं समजून कंपनीला फोन लावला, त्यांनी सर्व्हिस सेंटरला पाठवा म्हणून सांगितलं, तीन आठवडे लागतील म्हणाले. तीन आठवडे आबा बिनमशीनचे कसे ठेवायचे म्हणून मी एक सोमवार रजा टाकली आणि रविवारी रात्री गावाकडंच राहिलो.

सोमवारी सकाळी साडेसहा. मी सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत, पडून होतो, चादर डोक्यावर, झोपल्यासारखा. आबा चुळा भरून आले, खुर्चीत टेकले, कोपरीच्या कमरेच्या खिशातनं चंची काढली. म्हटलं आता पान. तर चंचीतनं चार सेल काढले, चुन्याच्या डबीशेजारनं. एकेक सेल धोतराच्या सोग्याला पुसला, मशीन पालथं केलं, अंगठ्यानं झाकण सरकवून चारी सेल बसवले, कफ बांधला, डोळे मिटून गप्प बसले. रीडिंग आलं. तोंडातल्या तोंडात आकडा म्हटला, आईला ओरडून सांगितला, आईनं भिंतीवरच्या कॅलेंडरावर दुधाच्या हिशोबाशेजारी लिहिला. एका मिनिटानं दुसरं. मग मशीन परत पालथं, झाकण काढलं, चारी सेल परत चंचीत.

आठ वाजता मी उठून बसलो आणि मुद्दाम विचारलं, आबा, निळं बटण दाबलं का. त्यांनी सेल नसलेलं मशीन मांडीवर घेऊन बटण दाबलं आणि म्हणाले, "दाबलं."

पाच महिने ते खरंच दाबत होते. आणि मी पाच महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं, की आबा, मशीनच्या काचेवर काय दिसतंय का.

मग रविवारी का चालायचं? कारण रविवारी मी दहाच्या सुमारास पोचायचो, "आई, मशीन दे" म्हणायचो, आणि आई सेल घालून द्यायची. तिला वाटायचं मला माहितीय.

आता आबांचं म्हणणंही ऐका, कारण ते वेड्यासारखं काही नव्हतं. त्यांचा जुना रेडिओ होता, सांगली आकाशवाणी लावायचे रोज, त्यात सेल गळले आणि स्प्रिंगा हिरव्या होऊन रेडिओ गेला. टॉर्च तशीच गेली. "तीन हजाराची वस्तू हाय, सेल गळला तर तू भरून देणार व्हय?" आणि वर नातीनं मशीनचं पुस्तक वाचून दाखवलेलं, त्यात स्पष्ट लिहिलंय की बरेच दिवस वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा. आबांनी ते 'वापरत नसताना काढा' असं ऐकलं. दोन वापरांच्या मधले बारा तास म्हणजे न वापरणंच की.

तर उपाय काय केला. आधी ॲडॉप्टर लावून बघितला, पण आमच्याकडं लाईट कधी जाईल त्याचा नेम नाही, आणि सेल नसताना लाईट गेली की घड्याळ परत शून्य. म्हणून सेल हवेतच. साधे स्वस्तातले टाकू नका, अल्कलाइन टाका, रोज चार वेळा मोजलं तरी बरेच महिने जातात. चारी एकदम बदलायचे, जुना-नवा मिसळायचा नाही, गळायचं ते तिथनंच सुरू होतं. आणि आबांना पटेल असा ठराव झाला, म्हणजे तो त्यांनीच केला: शिमगा, बेंदूर आणि दिवाळी, वर्षातनं तीन वेळा सेल बदलायचे, चांगले असले तरी. झाकणावर आईनं चिकटपट्टी लावली आणि त्यावर पेनानं लिहिलं, 'दिवाळी'. सेल घातल्यावर ॲप उघडून एकदा जोडलं की मशीनचं घड्याळ फोनवरनं आपोआप बरोबर होतं. काही मशीनला ते होत नाही, तिथं तारीख हातानं लावायला लागते, तेवढं बघून घ्या.

झालं असं वाटलं. तर दहा दिवसांनी नवीनच भानगड. आता रीडिंग वेळेवर यायला लागली, तारीख बरोबर, आणि एक दिवस दुपारी अकरा वाजता माझ्या फोनवर आबांचं 172/98. मी ऑफिसमध्ये, हातपाय गार. आबांना फोन, उचलत नाहीत. आईला फोन, आई म्हणते ते मळ्यात आहेत, सकाळी 136 होतं, कॅलेंडरावर लिहिलंय. मग हे 172 कुणाचं?

शेजारच्या अक्कांचं. आमचं मशीन म्हणजे गल्लीचं मशीन झालेलं. दुपारी बायका सोप्यात बसायला यायच्या, आई कौतुकानं प्रत्येकीचं मोजून द्यायची, आणि मशीनवर 1 आणि 2 असं जे बटण असतं, 1 आबा आणि 2 आई, ते 1 वरच असायचं. सगळ्या गल्लीचं बीपी आबांच्या नावावर. आणि हे नुसतं हसण्यावारी न्यायचं नाही, कारण तो रिपोर्ट डॉक्टरांकडं जातो आणि सरासरी बघून गोळी वाढते. घरी मोजलेल्या सरासरीला 135/85 ही रेघ धरतात, दवाखान्यातल्या 140/90 पेक्षा कमी. आबांची सरासरी 134 यायची ती अक्कांमुळं 141 झाली असती तर झालीच होती गोळी वाढलेली. आमचं काम कॅलेंडरामुळं वाचलं. म्हणून सांगतो, ॲप कितीही भारी असू दे, भिंतीवरचा आकडा बंद करू नका, दोन्ही जुळतात का ते आठवड्यातनं एकदा बघा. जे जुळत नाही ते बहुतेक पाहुण्याचं असतं.

अक्कांना नाही म्हणता येत नाही, म्हणून आम्ही एक साधं बिनब्लूटूथचं मशीन घेऊन सोप्यात ठेवलं आणि आबांचं आत कपाटात. अक्कांना मात्र 172 एकदा नाही, तीन दिवस तसंच आलं, तेव्हा त्यांना गावच्या सरकारी आरोग्य उपकेंद्रात पाठवलं, तिथं तीस वर्षांवरच्या माणसांची बीपी, शुगर फुकट तपासतात, आता त्यांना गोळी चालू आहे. ज्यांचा ठरलेला डॉक्टर नाही त्यांच्यासाठी सरकारचं ई-संजीवनी आहे, म्हणजे मोबाईलवरनं डॉक्टरांना दाखवायची सोय, तेही फुकट, फक्त तिथं आपला नेहमीचा डॉक्टर मिळेल असं धरून चालू नका, म्हणून जुन्या चिठ्ठ्यांचे फोटो हाताशी ठेवा.

अजून एक, रीडिंग पोचतंय पण आकडा खरा आहे का. आईचं दरवेळी आबांच्या मशीनवर जास्त यायचं. बघितलं तर ती कफ पोलक्याच्या बाहीवरनं बांधायची, हात खाली लोंबता, आणि मोजताना सगळ्या गावाची चौकशी चालू. बोलण्यानंच आकडा 10 च्या आसपास वर जातो. चहा किंवा तंबाखू घेतली असेल तर अर्धा तास थांबायचं, लघवीला जाऊन यायचं, पाच मिनिटं पाठ टेकून बसायचं, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, हात टेबलावर छातीच्या उंचीला, कफ उघड्या दंडावर. आणि कफचं माप बघा, त्यावर सेंटीमीटर लिहिलेले असतात, जाड दंडाला लहान कफ बांधला तर बीपी नसताना बीपी दिसतं. ठोके अनियमित असतील तर असल्या मशीनचा आकडा हलतो, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच मशीन वापरावं.

आणि 180/120 च्या वर आलं तर पाच मिनिटं शांत बसून परत मोजा. तेवढंच राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. सोबत छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं असलं काही असेल तर परत मोजत बसू नका, ॲप, व्हिडिओ कॉल सगळं बाजूला ठेवून सरळ 108. गोळी मात्र आकडा बघून आपल्या मनानं वाढवू नका आणि बंद तर अजिबात करू नका, आबांनी एकदा 118 आलं म्हणून दोन दिवस गोळी सोडली होती, तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी व्हिडिओवरच झापलं.

तर आता फोनवर विचारायची माझी पद्धत बदललीय. 'बटण दाबलं का' विचारत नाही. 'काचेवर काय दिसतंय ते वाचून दाखवा' म्हणतो. नाहीतर आईला म्हणतो व्हिडिओ कॉल लाव आणि मोबाईल मशीनकडं फिरव. अर्धे प्रॉब्लेम तिथंच दिसतात.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. रात्री आठला जेवण झालं की आबा मोबाईल बंद करतात, स्विच ऑफ, तापतो म्हणून. त्यामुळं संध्याकाळची रीडिंग माझ्याकडं दुसऱ्या दिवशी सकाळी येतात. तारीख-वेळ बरोबर असते, डॉक्टरांना चालतं, म्हणून मी तो विषय काढत नाही. ताई म्हणते काढ. तिनं काढावा.

चंचीतले ते जुने चार सेल आबांनी टाकून दिलेले नाहीत. टॉर्चमध्ये घातलेत, सकाळी उठले की काढून ठेवतात.